रात्री दीड वाजताचे किराणा दुकान: ऑनलाइन जुगार आणि बँकेचे उतारे

पतपेढीकर (धागालेखक)

मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करतो. कर्जाच्या अर्जासोबत बँक खात्याचा सहा महिन्यांचा उतारा जोडावा लागतो. पूर्वी हा उतारा तीन-चार पानांत संपत असे: पगार किंवा दुधाचे बिल जमा, विजेचे बिल, गाडीचा हप्ता, महिन्यातून दोनदा एटीएम. गेल्या आठवड्यात एका टेम्पोचालकाने घराच्या दुरुस्तीसाठी दीड लाखाचा अर्ज केला आणि त्याचा मे ते ऑक्टोबर 2025 चा उतारा 61 पानांचा निघाला. पाने दुबार छापली गेली असावीत असे समजून मी ती वेगळी काढायला बसलो, तर एकही पान दुबार नव्हते.

दिवसा चहा, डिझेल, भाजी. रात्री साडेअकरा ते दोन या वेळेत मात्र शंभर, दोनशे, पाचशे, पुन्हा शंभर अशी रांग. एका रात्रीच्या 34 नोंदी मी पेन्सिलीने मोजल्या. जमेच्या बाजूला अधूनमधून हजार-बाराशे, एकदा नऊ हजार. त्या नऊ हजारांच्या रात्री नावेच्या बाजूला साडेअकरा हजार आहेत. ऑगस्टपर्यंत पैसे घेणारी एक नोंदणीकृत गेम कंपनी होती. ऑगस्टच्या उत्तरार्धात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला, दहा-बारा रात्री कोऱ्या गेल्या, आणि सप्टेंबरपासून त्याच वेळी त्याच रकमा पुन्हा सुरू झाल्या. आता पैसे घेणारे कोणी ‘ट्रेडर्स’ आहेत, कोणी ‘मोबाइल शॉपी’, कोणी ‘किराणा स्टोअर्स’. रात्री दीड वाजता किराणा भरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझे मत असे आहे की माणसाचा लोभ आजोबांच्या काळी होता तेवढाच आज आहे. त्याच्या वाटेतले अडथळे मात्र एकामागून एक निघून गेले. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा जवळजवळ फुकट झाला, त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले, नोव्हेंबरातल्या नोटाबंदीने लोकांना मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवले आणि 2020 च्या टाळेबंदीने घरी बसून काय करायचे हा प्रश्न उभा केला. या चार गोष्टींचा मेळ जुगारवाल्यांना आपोआप मिळाला.

माझा प्रश्न दुहेरी आहे. हे इतके का वाढले यावर तुमचे अनुभव हवे आहेत. आणि माझ्यासारख्याने असा उतारा समोर आल्यावर काय करावे? अर्ज नाकारावा, घरच्यांना सांगावे, की गप्प बसावे?

उगाच

धर्मराजाचे उदाहरण कोणीतरी देणारच आहे, म्हणून मीच देऊन मोकळा होतो. त्या बिचाऱ्याला निदान भरसभेत, वडीलधाऱ्यांच्या देखत खेळावे लागले. त्याच्याकडे स्मार्टफोन असता तर द्रौपदीला दुसऱ्या दिवशी लघुसंदेशाने कळले असते.

जुना_गिरणगावकर

उगाच यांनी विनोदात एक खरी गोष्ट सांगितली आहे. माझे बालपण लालबागेत गेले. मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर. ते भाव येणे थांबल्यावर आधी मडक्यातून चिठ्ठ्या आणि मग पत्ते काढले जाऊ लागले. कल्याणजी भगत आणि रतन खत्री या मटका चालवणाऱ्यांची नावे तेव्हा गिरणी कामगारांना मंत्र्यांच्या नावांपेक्षा अधिक पाठ होती. तीन पत्त्यांची बेरीज, तिचा शेवटचा अंक म्हणजे ओपन, काही तासांनी त्याच रीतीने क्लोज, दोन्ही मिळून जोडी.

आमच्या चाळीतले एक काका रोज पाच रुपयांचा आकडा लावत. त्यासाठी त्यांना पायजमा चढवून, दोन जिने उतरून, नाक्यावरच्या पानवाल्याकडे जावे लागे. वाटेत माझी आजी बसलेली असे. ती काहीच बोलत नसे, फक्त बघत असे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा काका अर्ध्या जिन्यावरून परत फिरत. शिवाय ओपन लागल्यावर क्लोजपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नसे. मटक्याने शेकडो घरे बुडवली, त्याचे गोडवे मी गाणार नाही, पण तिथे जिना होता, आजी होती आणि घड्याळ होते.

हिशेबनीस

गिरणगावकर काकांच्या घड्याळाचा हिशेब मांडून बघतो. मटक्यात दहांपैकी एका अंकावर पैसे लावायचे आणि लागला तर नऊपट मिळायचे. म्हणजे शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये बुकीच्या खिशात. सध्या तरुणांत लोकप्रिय असलेला विमान वर चढण्याचा जो खेळ आहे (विमान उडून जाण्याआधी पैसे काढून घ्यायचे, नाहीतर गेले), त्यात परतावा 97 टक्के असल्याचे सांगितले जाते, म्हणजे शंभरामागे तीनच रुपये जातात. कागदावर मटका तिपटीने वाईट ठरतो.

आता वेग धरा. मटक्यात दिवसाला दोन डाव, दोनशे रुपये, नुकसान सरासरी वीस. विमानाचा डाव अर्ध्या मिनिटात आटोपतो. धागालेखकांनी दिलेली वेळ साडेअकरा ते दोन, म्हणजे दीडशे मिनिटे, म्हणजे तीनशे डाव. शंभराच्या हिशेबाने उलाढाल तीस हजारांची आणि नुकसान सरासरी नऊशे, तेही खेळ प्रामाणिक असला तर. टेम्पोचालकाच्या दिवसाच्या कमाईशी हा आकडा ताडून पाहावा.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितो आहे. आमच्या नदीतल्या कॅसिनोंना देशभरातून नावे ठेवली जातात आणि ती योग्यच आहेत. पण तिथे जायला गाडीभाडे, प्रवेशशुल्क आणि रात्रीची सवड लागते. मांडवीतल्या बोटीला विरोध करायला मोर्चा नेता येतो. खिशातल्या बोटीवर मोर्चा कुठे न्यायचा?

कोर्टकज्जे

कायद्याची बाजू थोडी विस्ताराने मांडतो, कारण वाढीचे एक कारण तिथेही आहे. जुगार हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, 34 व्या नोंदीत आहे. आपल्याकडे मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. त्याची सगळी कल्पना जुगाराच्या ‘अड्ड्या’भोवती फिरते: जागा, तिचा मालक, तिथे सापडलेले पत्ते आणि रोकड. अड्डाच उरला नाही तर पंचनामा कशाचा करायचा?

दुसरी वाट कौशल्याची. 1957 च्या चमरबागवाला खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद करत आले आहे. 1968 मध्ये रमी प्रामुख्याने कौशल्याची ठरली, 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यती. क्लबातल्या टेबलावरच्या रमीसाठी काढलेला हा निष्कर्ष कंपन्यांनी मोबाइलवर आणला आणि त्याच्या आधारावर प्रचंड मोठा उद्योग उभा केला. सरकारनेही एकीकडे 2023 च्या एप्रिलपासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर कापायला लावला आणि ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी बसवला. तिजोरीला हिस्सा मिळत असताना बंदीची भाषा कोणाला सुचणार?

मग 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत, 21 रोजी राज्यसभेत आणि 22 रोजी राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीने नवा कायदा झाला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, चालवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; जाहिरात केल्यास दोन वर्षे आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मला योग्य वाटते. या कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात आपल्याकडे वर्ग करून घेतली आहेत.

माजी_कर्मचारी

माझा सूर वेगळा आहे आणि तो स्वार्थी वाटेल, कारण या कायद्याने माझी नोकरी गेली. मी बंगळुरूला अशाच एका नोंदणीकृत कंपनीच्या ग्राहकसेवेत सहा वर्षे होतो. आमच्याकडे पॅन आणि आधार तपासल्याशिवाय पैसे काढता येत नसत, कर कापला जाई, खेळणाऱ्याला स्वतःवर मर्यादा घालून घेण्याची सोय होती आणि तक्रार करायला निदान पत्ता होता. धागालेखकांच्या उताऱ्यात सप्टेंबरनंतर काय झाले ते पाहा. माणूस थांबला नाही, तो आमच्याकडून उठून परदेशातल्या सर्व्हरवर चालणाऱ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडी’ देणाऱ्या लोकांकडे गेला. दारूबंदीच्या गावात दारू मिळते हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे ती फक्त महाग आणि विषारी असते.

हिशेबनीस

माजी कर्मचारी, एका उताऱ्यावरून तुम्ही आणि धागालेखक दोघेही मोठा निष्कर्ष काढत आहात. दहा-बारा रात्री कोऱ्या गेल्यावर कायमचे थांबलेले लोक कर्ज मागायला येत नाहीत, म्हणून ते पतसंस्थेला दिसत नाहीत. आणि एक थेट प्रश्न विचारतो: मर्यादा घालून घेण्याची सोय किती जण वापरत होते, आणि सर्वाधिक हरणाऱ्यांशी तुमची कंपनी कशी वागत होती?

माजी_कर्मचारी

प्रश्न टोकदार आहे, पण उत्तर देतो. मर्यादेची सोय सेटिंगच्या चौथ्या पडद्यावर होती. माझ्याकडे आलेल्या फोनांपैकी फार थोड्यांना ती माहीत होती. 28 टक्के जीएसटी लागल्यावर शंभर भरणाऱ्याचे सुमारे बावीस रुपये करात जायचे, ते आम्ही बोनस म्हणून परत खात्यात दाखवायचो, म्हणजे त्याला कर जाणवूच नये. मोठ्या रकमा लावणाऱ्यांची वेगळी यादी होती. त्यांच्या वाढदिवसाला केक पाठवला जाई आणि कोणी आठ दिवस फिरकला नाही तर फोन करून विचारपूस केली जाई. तो केक मी स्वतः कितीतरी वेळा मागवला आहे. त्यावर ग्राहकाचे नाव बरोबर लिहिले आहे ना, हे छायाचित्र मागवून तपासण्याचे काम माझे होते.

माझा मूळ मुद्दा मी तरीही सोडत नाही. नियमनच हवे होते, पण आम्ही जे करत होतो ते नियमन नव्हते, एवढे कबूल करतो.

उगाच

आठ दिवस दिसलो नाही तर माझ्या सख्ख्या भावाचाही फोन येत नाही.

नैरोबीकर

नोकरीनिमित्त अकरा वर्षे केनियात आहे. तुम्ही जे आज अनुभवत आहात त्याची सुरुवात इथे आधी झाली. 2007 मध्ये एम-पेसा आले आणि साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येऊ लागले. 2014 पासून स्पोर्टपेसासारख्या कंपन्या त्याच वाटेवर उभ्या राहिल्या. इंग्लंडमधील फुटबॉलवर पैज, फोनवरून शिलिंग पाठवायचे, निकाल फोनवरच. दुचाकी टॅक्सीवाल्यांच्या, म्हणजे इथल्या बोडा-बोडावाल्यांच्या, थांब्यावर शनिवारी दुपारी प्रवाशांपेक्षा सामन्यांच्या भावांची चर्चा अधिक असते.

2019 च्या जुलैमध्ये इथल्या सरकारने 27 कंपन्यांचे परवाने रोखले आणि मोबाइल कंपनीला त्यांचे पैसे भरण्याचे क्रमांक बंद करायला लावले. काही परदेशी अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढले. लावलेल्या रकमेवर 20 टक्के करही आला. पुढच्याच वर्षी तो कर रद्द झाला, 2021 मध्ये कमी दराने परतला, आणि स्पोर्टपेसा हे नाव 2020 च्या अखेरीस दुसऱ्या कंपनीच्या परवान्यावर पुन्हा अवतरले. 2025 च्या एप्रिलअखेर सगळ्या जुगारी जाहिराती तीस दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला होता.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडच्या चर्चेत कमी दिसते. 2019 च्या जानेवारीत एम-पेसावर फुलिझा नावाची सोय आली. खात्यात पैसे नसतानाही व्यवहार पूर्ण होतो आणि ती रक्कम उसनी धरली जाते. जुगाराचा अड्डा, तिजोरी आणि सावकार हे तिघेही एकाच फोनमध्ये राहायला आले. माझ्या कार्यालयातील रखवालदाराने मला एकदा फोन दाखवला होता: पगार जमा झाल्याचा संदेश आणि त्यापाठोपाठ, त्याच मिनिटाला, उसन्याची वसुली झाल्याचा संदेश. पगार त्याने पाहिला, एवढेच.

शिक्षिका_कनिष्ठ_महाविद्यालय

नैरोबीकरांच्या सावकाराच्या जागी आमच्याकडे लोन अ‍ॅप आहेत. मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. धागालेखकांना ‘किराणा स्टोअर्स’चे कोडे पडले आहे, त्याचे उत्तर माझ्या वर्गात मिळेल. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याचे खाते पोलिसांच्या पत्रावरून गोठवले गेले. त्याने खाते, एटीएम कार्ड आणि त्या खात्याशी जोडलेले सिम महिना पाच हजार रुपयांना एकाला वापरायला दिले होते. त्याच्या लेखी ते खोली भाड्याने देण्यासारखे होते. अशा खात्यांतून पैसे फिरवले जातात आणि पकडला जातो तो खात्यावर ज्याचे नाव आहे तो. मुलांना मी आता वर्षाच्या पहिल्या तासाला मागणी-पुरवठ्याच्या आधी हेच सांगते.

क्रिकेटवेडा

जाहिरातींबद्दल कोणीच कसे बोलले नाही? भारतीय संघाच्या जर्सीवर 2023 पासून ड्रीम11 या पैसे भरून संघ लावायच्या अ‍ॅपचे नाव होते, कायदा झाल्यावर ते उतरले. 2023 च्या ऑगस्टमध्ये बच्चू कडू यांनी ऑनलाइन खेळाच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकरच्या घरासमोर आंदोलन केले, तेव्हा आम्ही चाहते कडूंवर चिडलो होतो. आज माझे मत बदलले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने ड्रीम11 वर दीड कोटी रुपये जिंकले आणि त्याला निलंबित करण्यात आले. निलंबनाची बातमी कंपनीला अपायकारक ठरेल असे मला वाटले होते, पण आमच्या कट्ट्यावर सगळ्यांच्या लक्षात राहिले ते दीड कोटी.

आणि ‘आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकते, जबाबदारीने खेळा’ हे वाक्य जाहिरातीच्या शेवटी ज्या वेगाने म्हटले जाई, त्या वेगाने आमच्याकडे फक्त मंगलाष्टकांची शेवटची ओळ उरकतात.

उगाच

2025 च्या जुलैमध्ये तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेत मोबाइलवर रमी उघडी असल्याचा व्हिडिओ फिरला होता. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. नंतर त्यांचे खाते बदलून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले, तेव्हा रमी हा खेळच आहे यावर शासनाचे शिक्कामोर्तब झाल्याचे आमच्या गावात गमतीने म्हणत होते.

एक_वाचक

मी इथे क्वचित लिहिते. धागालेखकांनी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या नवऱ्याने आयपीएलच्या एका हंगामात 49 रुपये भरून संघ लावला आणि बारा हजार जिंकले. आम्ही पेढे वाटले. सासूबाईंनी देवापुढे ठेवलेला पहिला पेढा मला अजून दिसतो. पुढे रमी आली, मग पाच लोन अ‍ॅप. मला कळले ते वसुलीवाल्याने माझ्या भावाला फोन केला तेव्हा, साडेचार वर्षांनी. त्याआधी बँकेतल्या, पतपेढीतल्या, सोने तारण ठेवून घेणाऱ्या किमान चार माणसांनी त्याचे उतारे पाहिले होते. त्यातल्या एकाने जरी मला बोलावून घेतले असते तर माझ्या पाटल्या वाचल्या असत्या, असे मला वाटते. आता त्याचा पगार माझ्या खात्यावर येतो आणि तो औषधोपचार घेतो. गेल्या अकरा महिन्यांत तो दोनदा घसरला, दोन्ही वेळा त्याने स्वतः सांगितले.

मनोविकारतज्ज्ञ

एक_वाचक, दोन्ही वेळा स्वतः सांगितले हे फार महत्त्वाचे आहे, ते कमी लेखू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात मोडतो. माझ्याकडे येणारे रुग्ण जिंकण्याबद्दल फारसे बोलत नाहीत. ‘गेलेले परत आले की सोडणार’ हे वाक्य बोलतात, आणि ‘थोडक्यात हुकले’ हे दुसरे. विमान आणखी एक सेकंद थांबले असते तर, हा विचार हरण्याला जिंकण्याच्या शेजारी नेऊन बसवतो आणि पुढचा डाव लावायला भाग पाडतो. हिशेबनीसांचे गणित त्या क्षणी कोणाला आठवत नाही.

धागालेखकांना एवढेच सांगेन की त्या टेम्पोचालकाला कमीपणा येईल असे बोलू नका. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

कोर्टकज्जे

भावना समजतात, पण ग्राहकाच्या खात्याचा तपशील त्याच्या संमतीवाचून बायकोला किंवा आईला सांगणे पतसंस्थेच्या कर्मचाऱ्याला महागात पडू शकते. वाट मात्र आहे. घरदुरुस्तीचे कर्ज आहे ना? मग पत्नीला सहकर्जदार करून घेण्याची अट घाला. सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या बाईला अर्ज आणि त्यासोबतचे कागद वाचण्याचा हक्कच मिळतो. ती सही करील की नाही, हे तिचे ती ठरवील.

माजी_कर्मचारी

आणि पैसे त्याच्या खात्यावर सोडू नका. मोठी रक्कम खात्यात दिसली की काय होते ते मी पलीकडच्या बाजूने पाहिले आहे. कामाच्या टप्प्याप्रमाणे थेट दुकानदाराला द्या.

पतपेढीकर (धागालेखक)

सर्वांचे आभार. मधल्या काळात झालेले कळवतो. कोर्टकज्जे यांच्या सूचनेप्रमाणे मी सहकर्जदाराची अट घातली आणि त्या टेम्पोचालकाला एकट्याला बोलावून उतारा त्याच्यासमोर ठेवला. पेन्सिलीने केलेल्या खुणा पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “साहेब, एवढे असतील असं वाटलं नव्हतं.” तो मोबाइलवर रोज तोच उतारा बघत होता, पण एका वेळी चारच ओळी दिसत असल्याने त्याला तो कधी सलग दिसलाच नव्हता. 14416 हा क्रमांक त्याने लिहून घेतला. फोन केला की नाही हे मी विचारलेले नाही.

तीन दिवसांनी तो पत्नीला घेऊन आला. तिने 61 च्या 61 पाने उलटली, मधूनच दोन प्रश्न विचारले, ते त्याला विचारले, मला नाही. सही केली. दीड लाखाऐवजी आम्ही ऐंशी हजार मंजूर केले आहेत आणि पहिला हप्ता सिमेंट-पत्र्याच्या दुकानदाराच्या खात्यावर जाणार आहे.

उगाच

दुकानदाराचे नाव नीट तपासा. तुमच्या उताऱ्यातल्या किराणा स्टोअर्सचा भाऊबंद निघायला नको.

पतपेढीकर (धागालेखक)

काल संध्याकाळी घरी जाताना वाट वाकडी करून पाहून आलो. दुकान आहे, त्यात सिमेंट आहे, आणि ते आठ वाजता बंद होते.